मातीतला कर्ब मोजताना वीस सेंटिमीटर म्हणजे वीसच

कार्बन क्रेडिटचा विषय आता आपल्याकडे पारावरही निघतो. पऱ्हाट्या जाळू नका, शेणखत घाला, कुटार वावरातच जिरवा, कर्ब वाढेल, पैसे मिळतील, हे सगळ्यांना पाठ झालंय. पण कर्ब वाढला हे मोजायचं कसं, यावर कोणी बोलत नाही. खरी मेख तिथंच आहे.

युरोपनं सुरुवात मोजणीपासून केली. २००९ मध्ये तिथल्या ‘लुकास’ या जमीन-वापराच्या पाहणीत पहिल्यांदा मातीचे नमुने घेतले, सुमारे २०,००० ठिकाणांहून. पाहणी युरोस्टॅटची, म्हणजे युरोपीय महासंघाच्या सांख्यिकी कार्यालयाची; मातीचं काम महासंघाच्याच, इटलीतल्या इस्प्रा इथल्या संयुक्त संशोधन केंद्राचं. पुढच्या फेऱ्यांत शक्य तिथं त्याच ठिकाणी परत गेले, आणि या पाहणीची सगळी किंमत या परत जाण्यात आहे. जमीन आणि जंगलं मिळून २०३० मध्ये वर्षाला ३१ कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषतील, असं उद्दिष्ट युरोपीय महासंघानं कायद्यात घातलंय. असा आकडा अंदाजानं टिकत नाही. शेतीतल्या कर्बाला प्रमाणपत्र देण्याचा त्यांचा नियम २०२४ मध्ये आला. तो युरोपातल्या जमिनीपुरता आहे, आपल्या वावराला त्यातून काही मिळत नाही. मोजणीची पद्धत मात्र बिनधास्त उचलावी अशी आहे.

पद्धत साधी आहे. नेमलेल्या जागी एक खड्डा आणि तिथून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिमेला २ मीटरवर एकेक, असे पाच. वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा, २० सेंटिमीटरपर्यंतची माती सारख्या जाडीच्या कापात घ्यायची, पाचही घमेल्यात एकत्र करून त्यातली अर्धा किलो ठेवायची. चारही दिशांचे फोटो काढायचे. आपल्याकडे मोबाइलवरच्या जीपीएसमध्ये चार-पाच मीटरचा फरक सहज पडतो, म्हणून धुऱ्यावरच्या पक्क्या दगडापासून टेपनं अंतर मोजून वहीत लिहा. धुऱ्यालगत, झाडाखाली, जनावरं बांधतात तिथं, उकिरड्याजवळ, पऱ्हाट्या जाळल्या त्या जागी नमुना घेऊ नका. माती खताच्या रिकाम्या पोत्यात तर अजिबात भरू नका.

मृदा आरोग्य पत्रिकेसाठी आपण इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा, १५ सेंटिमीटरचा खड्डा घेतो. खताची मात्रा ठरवायला तो ठीक आहे, कर्बाच्या हिशोबाला नाही. हेक्टरी कर्ब (टनांत) म्हणजे कर्बाचा टक्का गुणिले मातीची घनता (एक घनसेंटिमीटर कोरड्या मातीचं वजन, ग्रॅममध्ये) गुणिले खोली (सेंटिमीटरमध्ये). कर्ब ०.५०, घनता १.३ आणि खोली २० धरली तर १३ टन. खोली १५ धरली तर ९.७५. फरक सव्वातीन टनांचा. आता टक्का ०.५० वरून ०.६० वर न्यायचा, तर वर्षानुवर्षं शेणखत घालून हेक्टरी वाढ होते २.६ टन. म्हणजे कुदळ पाच सेंटिमीटर कमी गेली, तर तेवढ्यानंच त्या सगळ्या मेहनतीपेक्षा मोठी चूक होते.

घनता काढायला ५ सेंटिमीटर आतला व्यास आणि ५ सेंटिमीटर उंचीचा, एका बाजूनं धार लावलेला लोखंडी पाइपचा तुकडा पुरतो. त्यात ९८ घनसेंटिमीटर माती बसते. वर लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोका. पाइपातली माती बाहेरच्या मातीपेक्षा खाली दबलेली दिसली, तर ती फेकून दुसरीकडे घ्या. दोन्ही तोंडं सुरीनं सपाट करा, १०५ अंशांवर २४ तास वाळवा, वजन करा. १२७ ग्रॅम भरली तर घनता १.३.

युरोपचं जसंच्या तसं इथं चालत नाही ते काळ्या जमिनीमुळे. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती कुटारासकट त्यात घसरते आणि कर्ब २० सेंटिमीटरच्या खाली जातो. शिवाय ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. तेवढ्याच खोलीत कधी कमी माती येते, कधी जास्त. म्हणून एप्रिल-मेमध्ये नमुना नको. सोयाबीन निघाल्यावर, हरभऱ्यासाठी वखर फिरवण्याआधी, वापसा असताना घ्या, आणि पुढच्या खेपेलाही त्याच हंगामात, तशाच वापशावर.

शेवटी प्रयोगशाळा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक ही रसायनानं कर्ब मोजायची पद्धत चालते. ती चुनखडीला हात लावत नाही, पण सेंद्रिय कर्बही (काडीकचरा, शेणखत कुजून आलेला, आपल्याला मोजायचा तो) सरासरी तीन चतुर्थांशाच्या आसपासच पकडते, म्हणून आलेल्या आकड्याला साधारण १.३ नं गुणतात. लुकासमध्ये माती ९०० अंशांच्या वर जाळून सगळा कर्ब मोजतात आणि चुन्यातला कर्ब वेगळा काढून वजा करतात. ही वजाबाकी राहिली तर गोंधळ होतो. चुनखडीत १२ टक्के कर्ब असतो. जमिनीत ५ टक्के चुनखडी असेल तर तिचाच कर्ब ०.६ टक्के भरतो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या सेंद्रिय कर्बापेक्षाही जास्त! आणि वजाबाकी नीट झाली तरी, यंदा न गुणलेला ०.४५ आणि पाच वर्षांनी जाळून मोजलेला ०.५८, ही वाढ फक्त कागदावरची असू शकते. अहवालावर पद्धतीचं नाव, खोली आणि आकडा गुणलेला आहे की नाही, हे लिहून मागा. ‘सेंद्रिय कर्ब’ आणि ‘सेंद्रिय पदार्थ’ यांतही गल्लत होते. पदार्थाचा आकडा कर्बाच्या १.७२४ पट धरतात.

लुकासचे नमुने जपून ठेवले जातात. आपणही नमुना सावलीत वाळवून, लाकडी मोगरीनं फोडून, २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा आणि निम्मा प्रयोगशाळेत द्या. उरलेला कोरड्या बरणीत भरून गट नंबर, तारीख, खोली पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी आत टाका. पाच वर्षांनी नवी माती तपासायला नेताना ती बरणीही सोबत न्या आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच यंत्रावर तपासून घ्या.