सायकल पोराची, चालवून राहिली मी

सायकल घेतली होती पोरासाठी, हे आधीच सांगून टाकते. तो आता आठवीत जाणार, शाळा वर्ध्याजवळच्या सेलूला, आमच्या गावापासून साडेचार किलोमीटर, आणि ऑटोवाल्याचे दर महिन्याचे पैसे देऊन देऊन आम्ही कंटाळलो होतो, म्हणून तूर विकल्यावर ह्यांनी मोबाईलवरून गिअरवाली सायकल मागवली साडेआठ हजारांची. गंमत अशी की परीक्षा संपल्या संपल्या पोरगा आर्वीला मामाच्या घरी पळाला आणि दुसऱ्या दिवशी दारात हे एवढं मोठं खोकं. आमच्या विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटाकडं, बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, ऊनच तसं असते ना बावा. म्हणजे दीड-दोन महिने ती सायकल नुसतीच उभी राहणार. सासूबाई म्हणाल्या, "झाकून ठेव ना माय, पोट्टा आला का काढजो." मी म्हटलं, खोलून तर पाहू.

खोक्यावर लिहिलं होतं सायकल 85 टक्के जोडलेली आहे. उरलेले 15 टक्के म्हणजे समोरचं चाक, हँडल, सीट, मडगार्ड अन् दोन पायडलं. आमचे हे निंबाखाली पाने घेऊन बसले आणि तासाभरात जोडली पण. दिसायला सायकलच दिसत होती. मी बसली, जरा वळवायला गेली तर समोरचं चाक माझ्या पायाच्या बोटाला लागे, ब्रेकच्या वायरला पीळ पडलेला. दोघंही पाहत बसलो, काही समजेना. शेवटी शेजारचा दहावीतला पोट्टा आला आणि एका नजरेत म्हणाला, "काकू, चिमटा उलटा हाय." चिमटा म्हणजे समोरचं चाक ज्यात बसते ते. खोक्यात मावावी म्हणून चिमटा मागं फिरवून ठेवतात, जोडताना तो आधी सरळ करून घ्यायचा असते, आम्ही तसाच ठेवून वरून हँडल कसलं होतं. चिमट्याचा बाक समोर पाहिजे आणि ब्रेकही समोर. एवढं एक चित्र खोक्यात टाकलं असतं तर काय बिघडलं असतं यांचं?

पण खरं नुकसान केलं डाव्या पायडलनं, म्हणजे खरं तर मी. उजवं सहज बसलं. डावं काही केल्या बसेना, मी पाना लावला, जोर केला, थोडं आत गेलं, अडकलं, अजून जोर केला, गेलं एकदाचं. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर पायडल गळून पडलं आणि त्याच्यासोबत मीपण. चार बाया नळावर होत्या, त्यांची करमणूक झाली.

भाजीच्या छोट्या गाडीत टाकून सायकल सेलूला नेली. तिथले मिस्तरी चाचा, पन्नास वर्षं हेच काम करून राहिले, त्यांनी पायडल हातात घेतलं, पाहिलं, आणि माझ्याकडं पाहिलं. "ताई, डावं पायडल उल्टं कसावं लागते." डाव्या बाजूचे आटेच उलटे असतात म्हणे, घड्याळाच्या उलट फिरवलं की घट्ट होते, नाहीतर चालवता चालवता आपोआप ढिलं झालं असतं. मला वाटते हे शाळेत शिकवायला पाहिजे, काय काय शिकवतात तिथं. चाचांनी लक्षात ठेवायला सोपं सांगितलं, दोन्ही पायडलं वरून समोरच्या चाकाकडं फिरवायची की बसतात, आणि टोकावर बारीक एल आणि आर कोरलेलं असते ते आधी पाहायचं. क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसते त्या दांडीचे, आटे गेले होते, ती बदलावी लागली. जुन्या काळ्या सायकलची क्रँक कॉटर पिन ठोकली की निघते, ही चौकोनी दांड्यावरची, तिला ओढून काढायला पुलर लागते, तो चाचांकडं नव्हता, वर्ध्याहून आणला. चार दिवस आणि 350 रुपये गेले. विकणाऱ्यांना फोन केला तर म्हणे जोडणी आमच्यात येत नाही.

आता मी काही पहिल्यांदा सायकलवर बसत नव्हती. माहेरी बाबांच्या 22 इंचीवर कैची शिकली मी, दांड्याच्या खालून पाय घालून, नंतर दहावीपर्यंत लेडीज सायकलनं शाळेत गेली. लग्नानंतर सुटली ती सुटलीच, सतरा वर्षं. बाया काय म्हणतील वगैरे विचार मनात आला, खोटं कशाला बोलू, पण त्या जे म्हणायचं ते नळावर म्हणूनच बसल्या होत्या, आता उरलं काय.

सुरुवातीला सीट मी एकदम खाली ठेवली, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून. आठ दिवसांत गुडघे दुखायला लागले. चाचांनी सांगितलं, पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवायची, गुडघा सरळ झाला पाहिजे, तेवढी उंची. भीती वाटली, पण गुडघे थांबले. ओढणी कमरेला बांधायची आणि सलवारीच्या उजव्या पायाला रबर लावायचा, हे मात्र चेननं सलवार खाल्ल्यावर माझं मीच शिकली. आता पोराची ट्रॅकपँट घालते.

गिअरचं एक सांगते. समोर तीन दातेरी चकत्या, मागं सात, म्हणजे 21, आणि मला वाटलं एवढे पैसे दिले तर सगळे वापरायचे. समोर सगळ्यात लहान आणि मागंही सगळ्यात लहान लावलं की चेन तिरपी होते, खडखडते, उतरते. समोरचं मधलं लावून ठेवायचं आणि मागचेच बदलायचे, आमच्या सपाट रानाला तेवढं पुरते.

आणि पंक्चर. आमच्याकडं कापूस-तूर निघाली की लोकं उन्हाळ्यात धुऱ्याची कुंपणं नीट करतात, बाभळीच्या, बोराटीच्या फांद्या ओढत नेतात पांदणीतून, म्हणजे शेताच्या वाटेनं, त्यामुळं मे महिन्यात पांदण म्हणजे काट्यांचा गालिचा. पहिल्या पंधरा दिवसांत सहा पंक्चर. दर वेळी सेलूला कुठं नेणार, म्हणून घरी काढायला शिकली. पहिल्यांदा भाजीच्या चमच्यानं टायर उचकटलं आणि चमच्यानंच ट्यूबला नवीन भोक पाडलं. आता जमते. घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे पाहायचे (पाणी फेकायचं नाही, नळ चार दिवसांनी येते, तेच मोगऱ्याला घालायचं), काचपेपर घासायचा, सुलेशन लावून ते पूर्ण सुकू द्यायचं आणि मगच ठिगळ दाबायचं, ओल्यावर दाबलं तर टिकत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काटा शोधणं. तो टायरमध्येच राहते आणि नव्या ठिगळालाही खाते. त्यासाठी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा, जिथं काट्याचं टोक असेल तिथं कापूस अडकते. चांगल्या भावासाठी थांबून थांबून घरात ठेवलेल्या कापसाचा एवढा तरी उपयोग झाला! पुढं चाचांनी जुनी ट्यूब उभी कापून टायर आणि ट्यूबच्या मधात अस्तरासारखी घालून दिली, तेव्हापासून महिन्याला एखादं.

एका दुपारी सायकल अंगणात उन्हात राहिली आणि दोनच्या सुमारास फट्ट आवाज आला. ठिगळ सुटलं होतं. हवा मी टम्म भरली होती, टायरवर किती भरायची ते छापलेलं असते हेच माहीत नव्हतं. आता सायकल गव्हाच्या कट्ट्यांच्या बाजूला, घरात. सासूबाई म्हणतात जावई आणला तरी एवढी बडदास्त ठेवली नसती.

एवढं सगळं कशासाठी, तर सकाळच्या दोन तासांसाठी. पाचला निघायचं. मे महिन्यातही पाचला हवा अंगावर छान लागते, वारा पडलेला असते, कॅनॉलच्या पाळीवर कोणी नाही, बहावा पिवळाधम्मक लटकलेला. बोरच्या जंगलाकडं मात्र जात नाही, 2014 पासून तो व्याघ्र प्रकल्प आहे आणि वाघाला माझी सायकल नवी आहे की जुनी काही फरक पडत नाही. एका रविवारी नणंदेला घेऊन पवनारला गेली, धाम नदीच्या पात्रात, दगडावर बसून कैरीचं पन्हं प्यायलो.

कॅनॉलच्या बाजूला मुरमावर टिटवीची चार अंडी सापडली. सापडली म्हणजे तिनंच दाखवली, एवढी ओरडत डोक्यावरून आली की मी थांबली. घरटं नाहीच, चार खडे सरकवलेले आणि मधात खड्यांसारखीच अंडी. मग रोज लांब उभी राहून पाहायची. कॅनॉलमध्ये एक डबकं उरलं होतं, ती तिथं जाऊन पोट ओलं करायची आणि तशीच येऊन अंड्यांवर बसायची. आम्ही कूलरला वाळा लावतो, हिचं पोटच वाळा. सासूबाईंना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "उंचावर हायेत का खोलात?" उंचावर असली तर पाणी जास्त पडते म्हणतात. उंचावर होती. शेजारच्या दोन घरांनी तेवढ्यावर सोयाबीनचं बियाणं सांगून ठेवलं.

तिच्याच नादात एकदा चुकली मी. साडेआठ वाजून गेले, निघाली तर चेन उतरली, ती चढवता चढवता साडेनऊ. ते ऊन म्हणजे तवा. बाटलीतलं पाणी चहासारखं, डोकं गरगरायला लागलं, कानात आवाज. कशीबशी समृद्धी महामार्गाच्या खालच्या बोगद्यापर्यंत सायकल ढकलत नेली. त्या रस्त्यावर वरून सायकलला तर सोडा, मोटरसायकललाही परवानगी नाही, पण त्याच्या खालची सावली सगळ्यांची, गाई-म्हशी आणि ढोरकी बाबा तिथंच बसलेले. बाबांनी ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या डब्यातलं पाणी दिलं, गार, आणि म्हणाले, "हळू पे बाई, घटाघटा नको पिऊ." दुपट्ट्यातून कांदा काढून दिला, मिठासोबत खाल्ला. तासभर बसवून ठेवलं, मग ह्यांना फोन केला. घरी काय काय ऐकलं ते लिहीत नाही. तेव्हापासून आठला घरात म्हणजे घरात, निघताना मीठ-साखर-लिंबाचं पाणी, आणि बाटलीवर ओला पायमोजा चढवते, ते पाणी खरंच गार राहते.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला त्या आठवड्यात पाचलाही गरम वाफा यायच्या, तीन दिवस गेलीच नाही. चौथ्या दिवशी गेली तर अंडी नव्हती. मी हादरली, मुंगूस आलं असणार. मग ती ओरडली, आणि खड्यांमध्ये एक खडा पळाला. पाहते तर तीन पिल्लं, चौथं दिसलं नाही.

पोरगा आला मृगाच्या नंतर. आल्या आल्या सीट वर केली, मामाकडं आंबे खाऊन उंच होऊन आला. मी पहाटे खाली केली. त्यानं संध्याकाळी वर केली. शेवटी सीटच्या दांड्यावर मी नेलपॉलिशनं माझी लाल खूण केली, त्यानं वरती स्केचपेननं त्याची. पहाट माझी, शाळेची वेळ त्याची, आणि ज्याच्या वेळेत पंक्चर झालं त्यानं काढायचं असं ठरलं आहे. फक्त रात्रीतून हळूहळू हवा गेली तर ते कोणाचं, यावर अजून भांडण सुरू आहे.