काउंट जुळत नाही, सर

आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, कुणाचं कुणाशी फारसं सख्य नाही. सर्जन आणि भूलतज्ज्ञ मॅडम यांचं दिवसाच्या ऑपरेशनच्या यादीच्या वेळेवरून रोज वाजतं. दोन सिस्टर्स एकमेकींच्या डब्याकडे बघतही नाहीत. मामांचं (आमचे वॉर्डबॉय) आणि खालच्या स्टरिलायझेशनवाल्यांचं भांडण तर मी इन्चार्ज व्हायच्या आधीपासूनचं आहे. तरी आमची टीम चांगली आहे असं मी छातीठोकपणे सांगते. परवा एचआरच्या मुलीने आम्हाला टीम बिल्डिंगसाठी रिसॉर्टवर न्यायचा बेत काढला. म्हटलं, ने खुशाल, जेवण चांगलं असेल तर येऊ. पण टीम बघायची असेल तर एकदा पोटाच्या केसला आत येऊन उभी राहा.

पोटाच्या केसमध्ये मॉप, म्हणजे रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजतात. पाच-पाचचा गठ्ठा, प्रत्येकाला निळा दोरा, जो एक्स-रेमध्ये दिसतो. चिरा देण्याआधी स्क्रब झालेली सिस्टर (सर्जनच्या हातात हत्यारं देणारी) आणि फ्लोअर सिस्टर (बाजूला राहून सामान पुरवणारी) दोघी मिळून, तोंडाने मोठ्यांदा मोजतात, आकडा फळ्यावर जातो. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजणी, कातडी शिवताना पुन्हा. एकटीने मनातल्या मनात मोजलेलं आमच्याकडे धरत नाहीत. रक्ताने भिजलेला मॉप चुरगळून लिंबाएवढा होतो आणि आतड्यांच्या आड गेला की अनुभवी माणसालाही दिसत नाही.

एका दुपारी, यादीतली शेवटची केस, गर्भाशय काढायचं ऑपरेशन. सगळ्यांना भूक लागलेली. सरांनी पोट बंद करायला सूचर, म्हणजे टाक्यांचा दोरा, मागितलं आणि नुकतीच लागलेली फ्लोअर सिस्टर म्हणाली, "सर, काउंट जुळत नाही." आवाज इतका बारीक की मॉनिटरची टीकटीक जास्त ऐकू येत होती. फळ्यावर पंधरा, तिच्याकडे चौदा. सर म्हणाले, "पोटात काही नाही, मी बघितलंय. सूचर द्या." स्क्रब सिस्टरने सुई लावलेला नीडल होल्डर हातात धरून ठेवला आणि दिला नाही. बोलली काहीच नाही, फक्त दिला नाही. डोक्याकडून मॅडम म्हणाल्या, "पेशंट स्टेबल आहे, मला घाई नाही." मग सरांनी पुन्हा हात घालून पोट तपासलं, मामा गुडघ्यावर बसून टेबलाखाली शिरले, पोरीने बकेटमधले मॉप एकेक सुटे करून मांडले. एक्स-रेवाल्याला फोन लावेपर्यंत मामांना तो सापडला. सरांच्याच स्लीपरच्या टाचेला चिकटलेला.

त्या पोरीला शाबासकी कुणी दिली नाही, ते मला बरं वाटलं. शाबासकी द्यावी लागली असती तर थांबवणं ही अजून विशेष गोष्ट आहे असा अर्थ झाला असता. आणि एक सांगू? त्या दिवशी नीडल होल्डर न देणारी सिस्टर आणि ही नवी पोरगी, दोघींचं अजिबात पटत नाही.

नवीन मुलींना मी टेनेरिफचा अपघात सांगते. 27 मार्च 1977, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती, ते पॅन अ‍ॅमचं विमान अजून धावपट्टीवरच आहे की काय? कॅप्टन कंपनीचा मोठा प्रशिक्षक. त्याने ठासून सांगितलं की नाही, आणि विमान पळतच राहिलं. 583 माणसं गेली. विचारणारा होता, पण विचारल्यावर थांबायची रीत नव्हती. पुढे विमान कंपन्यांनी कॅप्टनसकट सगळ्यांना त्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली.

आमच्या क्षेत्रात जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आली 2008 मध्ये. एकोणीस मुद्दे, तीन टप्पे: भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी, पेशंट ओटीतून हलवण्याआधी. आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरून बघितली, त्यात दिल्लीही होती. 2009 च्या अहवालात मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलेलं दिसलं, गुंतागुंत 11 वरून 7 टक्क्यांवर. मग 2014 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओच्या 101 हॉस्पिटलांचा अभ्यास आला आणि तिथे म्हणावा असा फरकच दिसला नाही. बरेच जण चक्रावले. मी नाही. मी आधी जिथे होते तिथे हा फॉर्म पेशंट टेबलावर यायच्या आधीच टिकमार्क करून फाइलला लागलेला असायचा, सही करायला फक्त जागा ठेवलेली. ओंटारिओत तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण कागदाकडून मी कधी फार अपेक्षा ठेवलेली नाही.

म्हणून मी पोरींकडून वाक्यं घटवून घेते. "मला वाटतं एक कमी आहे" असं म्हणायचं नाही. "सर, थांबा. पंधराचे चौदा आहेत." आकडा आधी, माफी नको. मामांनाही हे लागू आहे. पेशंटला वॉर्डातून तेच आणतात, वाटेत तिच्याशी तेच बोलतात, त्यामुळे कुठली बाजू दुखते हे कित्येकदा त्यांना फाइलइतकंच पक्कं माहीत असतं.

अडतं ते चिरा देण्याआधीच्या टप्प्यावर. तिथे प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. उद्देश साधा आहे, सुरुवातीला एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे अडचणीत बोलतो. बाहेरून येणारे एक ज्येष्ठ सर्जन म्हणायचे, "मला इथे सगळे ओळखतात." खरंच आहे. पण मामांचं नाव त्यांना माहीत नव्हतं. मग आम्ही क्रम उलटा केला: आधी मामा, मग फ्लोअर सिस्टर, मग स्क्रब, मॅडम, आणि सर शेवटी. सगळ्यांनी सांगितल्यावर गप्प राहणं त्यांनाही जड जायला लागलं. मागच्या आठवड्यात ते नुसतं आडनाव सांगून थांबले, तेव्हा मॅडमनी मान वर न करता विचारलं, "आणि सर, काम काय करता?"