सप्टेंबरातलं घर

माझ्या रिपोर्टात ‘इमारतीचं उरलेलं आयुष्य’ असा एक रकाना असतो. 60 मधून घराचं वय वजा करायचं, की झालं काम. त्या घरासमोर मी 48 लिहिलं होतं. आठ महिन्यांनी त्याच घराच्या भिंतीत माझ्या करंगळीचं टोक जात होतं.

हिंगणघाटकडच्या खेड्यांत गृहकर्जासाठी घरांचं मूल्यांकन करतो मी. इंजिनिअर येऊन घर तपासून गेला असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात आतून-बाहेरून फोटो, टेपनं मापं, चतुःसीमा, आजूबाजूचा भाव, आणि शेवटी तीन आकडे: बाजारभाव, वसूल होईल तो भाव, घाईत विकावं लागलं तर येईल तो भाव. तिन्ही आकडे बँकेचा पैसा बुडू नये म्हणून. त्या घरात राहणार कोण, यासाठी रकाना नाही. पाऊण तासात मी पुढच्या गावाला.

कागदांचं काम वकिलाकडे. या घराचे कागद चोख होते. अकृषक आदेश, मंजूर लेआउट, सगळं. नाहीतर नुसत्या ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर घर घेणारे महाभाग आहेतच. तो कर आकारणीचा उतारा आहे बाप्पा, मालकीचा नाही, हे सांगून तोंड दुखलं. हे घर घेणारं जोडपं मात्र हिशेबी. भाऊ एसटीत वाहक, ताई अंगणवाडी सेविका. मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते म्हणून खरेदी ताईंच्या नावानं.

मी गेलो तो सप्टेंबर. पराटी, म्हणजे कपाशी, फुलावर, घराला ताजा रंग. मागच्या खोलीचं कवाड तेवढं डोळ्यांत भरलं: वरच्या कडेला नुकताच रंधा मारलेला, रंगाखालून कोरं लाकूड दिसत होतं. क्षणभर थांबलो. मग टेप काढला. ‘इमारतीची स्थिती’ या रकान्यात ‘चांगली’ लिहिलं.

आता त्या कवाडाबद्दल. आपली काळी माती बेसॉल्ट कुजून झालेली. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. वावरात मे महिन्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. तीच माती घराखाली असते, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. पावसाळ्यात ती पाया उचलते, चौकट तिरकी होते, कवाड अडकतं. मग सुतार बोलवून रंधा मारतात. आणि गंमत अशी की नेमक्या त्याच दिवसांत भिंतीच्या भेगा मिटलेल्या असतात. वर पुट्टी आणि रंगाचा हात फिरला की संपलं. घर पाहायचं ते मे महिन्यात, उन्हात. पण आपल्याकडे सौदे व्हायचे ते पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, हवा चांगली असताना.

मे मध्ये भाऊंचा फोन आला. गेलो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी वर लिंटेलपर्यंत. एका अंगाला मोठा कडुलिंब, मुळांनी तिकडचं पाणी ओढून घेतलेलं. दुसऱ्या अंगाला न्हाणीचं पाणी बारमाही भिंतीच्या बुडाशी मुरतं. एक कोपरा कोरडाठाक, दुसरा ओला. घर बिचारं मधोमध फाटणारच.

पायाजवळ खड्डा खोदायला लावला. पाया साडेतीन फुटांवर संपला, खाली काळी मातीच. मुरूम लागला तो सात फुटांवर. आमच्याकडे पाया मजुरीचा पैसा पुरेल तिथवर खणतात. अशा मातीत फुगलेल्या बुडाचे खांब साडेतीन मीटर खोल न्यायची पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं कधीच बसवून दिली आहे, पण खेड्यातल्या घराला तो खर्च कोण करतो?

शेजारचा मिस्त्री सिमेंट भरायला निघाला होता. थांबवला त्याला. मे मध्ये भेग सिमेंटनं भरली की पावसात भिंत मिटायला जागा शोधते आणि बाजूला दुसरी भेग काढते. न्हाणीचं पाणी पाइपानं दूर काढा म्हटलं, घराभोवती चार फूट फरशीचा पट्टा बाहेर उतार देऊन करा. भाऊ कडुलिंब तोडायला निघाले होते. तेही एकदम नको; मुळांचं ओढणं थांबलं की ती बाजू फुगून वर येईल. मग भेगेवर आडव्या काचेच्या तीन पट्ट्या प्लास्टरमध्ये बसवल्या, काचेवर मार्करनं तारीख टाकली. काच तडकली तर समजायचं भिंत अजून हलते आहे.

हे सगळं होईस्तोवर ताई दारात उभ्या. शेवटी म्हणाल्या, “सायेब, बँकेनं पास केलं म्हणून आमी घेतलं. तुमाले तेव्हा काहीच दिसलं नव्हतं का?”

रकान्याचं, फीचं, बँकेचं, सगळं ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, “कवाड दिसलं होतं. वरून रंधलेलं.”

“ते तं आमालेही दिसलं होतं जी,” त्या म्हणाल्या. “मी यायले म्हटलं, पाहा, घर किती जपून ठेवलं या लोकायनं.”

पहिल्या पावसानंतर त्यांनी काचांचे फोटो पाठवले. दोन शाबूत. मधली तडकली आहे.