एक नंबरच्या लेणीतला दाढीवाला

मी अजिंठ्याला गाइड आहे, बरीच वर्षं झाली, एक नंबरची लेणी तर झोपेतसुद्धा पाठ आहे. पद्मपाणी झाला, वज्रपाणी झाला, आता मान वर करा, छतावर तो दाढीवाला, टोकदार टोपी, हातात प्याला, तो इराणचा बादशहा खुस्रो, पुलकेशीच्या दरबारात त्याचा वकील आलेला त्याची आठवण. लोक खूश, मी खूश, चला पुढे.

त्या दिवशी एक इराणी फॅमिली होती, आजी, लेक आणि जावई. मी इंग्लिशमधे आपली टेप लावली तर जावई शांतपणे म्हणतो, खुस्रो गादीवर आला 590 मधे, मग ही चित्रं कधीची? आणि बाहेर पायऱ्यांवर मीच सांगून बसलेलो, वाकाटक राजा हरिषेण, पाचव्या शतकाची अखेर. म्हणजे बादशहा जन्मायच्या आधीच त्याचं चित्र! घामच फुटला. ते खुस्रो प्रकरण एकोणिसाव्या शतकात फर्ग्युसन साहेबाने जुळवलेलं, आता अभ्यासक ते धरत नाहीत, हे मला माहीत होतं हो, पण बादशहा म्हटलं की टिप बरी मिळते, खोटं कशाला बोलू.

आजीचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या माणसाच्या पायातले पट्ट्यापट्ट्याचे मोजे बघून हसत होती, "जुराब, जुराब!" तेवढ्यात मी अटेंडंटला मराठीत म्हटलं, बाजूला हो रे, यांना प्याला दिसू दे, तर ती गर्रकन वळली, "पियाले?" मग काय, भाषेचा प्रश्नच मिटला. मी निळा रंग दाखवला, म्हटलं गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे सगळं इकडचंच, पण हा निळा दगड इथे मिळत नाही, पार अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून यायचा. आजी म्हणाली, लाजवर्द. म्हटलं आजी, आम्हीपण लाजवर्दच म्हणतो!

तेव्हापासून खुस्रो बंद. सांगतो, इराणकडचा कोणीतरी आहे, नाव माहीत नाही, पण काढणाऱ्याला मोज्याच्या पट्ट्यासुद्धा माहीत होत्या म्हणजे असली माणसं इकडे येत-जात असणार. टिप कमी झाली थोडी, चालायचंच.

परवा शाळेची ट्रिप होती, एका पोराने विचारलं, काका, प्याल्यात काय आहे? मी तोंड उघडायच्या आत त्यांचे सर घाईघाईने म्हणाले, सरबत.