अपडेट-सर्व्हरचा कोड खुला करताना

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेल-चादरींच्या कारखान्यांसाठी आम्ही हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवतो. त्याच्या नव्या आवृत्त्या पोहोचवणारे साधनही आमचेच आहे. त्यातला ग्राहकाच्या संगणकावर चालणारा भाग आधीपासून खुला, म्हणजे कोणालाही वाचता-वापरता येणारा, होता, सर्व्हरचा कोड मात्र आम्ही स्वतःकडेच ठेवला होता. एका कारखानदारांना इंटरनेट न जोडता आतल्या नेटवर्कवरच अपडेट द्यायचे होते, आणि ‘तुम्ही उद्या दुकान बंद केलंत तर आम्ही काय करायचं?’ असे त्यांनी सरळच विचारले. म्हणून सर्व्हरचा कोडही खुला करावा, असे मी सुचवले.

माझ्या भागीदारांची हरकत सुरक्षेची होती. कोड वाचून कोणी त्यातले कच्चे दुवे शोधील, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. पद्धत शत्रूला कळली तरी बिघडू नये, गुप्त राहावी ती किल्ली, हे सांकेतिक लेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्येच लिहून ठेवले आहे. आमच्या प्रत्येक आवृत्तीवर ती आमचीच असल्याचे पटवणारी डिजिटल सही असते, ती करणारी खासगी की (गुप्त किल्ली) नेटवर्कबाहेरच्या संगणकात राहते, आणि सर्व्हर फक्त फाइली वाटतो. त्यामुळे सर्व्हर कोणाच्या हाती गेला तरी त्याला बनावट अपडेट तयार करता येत नाही.

तरीही या चर्चेतून एक खरी शंका निघाली. जुन्या, दोष असलेल्या आवृत्तीवरची सहीसुद्धा अस्सलच असते. ती पुन्हा पुन्हा पुढे करून ग्राहकाला मागे अडकवून ठेवता येते. ‘द अपडेट फ्रेमवर्क’ या खुल्या मांडणीत यावर उपाय आहे, तो आम्ही घेतला: मागच्या क्रमांकाची आवृत्ती ग्राहकाकडचा भाग नाकारतो, आणि आवृत्त्यांच्या सही केलेल्या यादीला मुदत असते. मात्र इंटरनेट नसलेल्या कारखान्यात मुदत संपण्यापूर्वी नवी यादी पेन ड्राइव्हवरून न्यावी लागते, आणि ही कटकट आम्ही त्या कारखानदारांना आधीच सांगितली.

परवान्यावर फार वाद झाला नाही. साध्या जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्यात बदललेला कोड केवळ सर्व्हरवर चालवणाऱ्याला तो उघड करावा लागत नाही; त्याच्याच जातीच्या एजीपीएल परवान्याच्या 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीत नेटवर्कवरून वापरणाऱ्यांना तो उपलब्ध करून द्यावा लागतो. आम्ही तोच घेतला.

कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिट या साधनातला जुना इतिहास मात्र दिला नाही. ताज्या प्रतीतून काढलेले पासवर्डही त्यात शिल्लक असतात, म्हणून पासवर्ड बदलून कोडच्या नव्या भांडारातच (रिपॉझिटरीत) सुरुवात केली. ग्राहकांची यादी व परवाने मोजणारा भाग वेगळा काढून खासगी ठेवला. अपडेट पोहोचवण्याशी त्याचा संबंध नव्हता.

माहितीपत्रात भागीदारांच्या आग्रहाने एक वाक्य घातले, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: आमच्या सर्व्हरवर नेमका हाच कोड चालतो याचा पुरावा प्रसिद्ध कोडमधून मिळत नाही, त्यामुळे ग्राहकाने भरवसा सर्व्हरवर न ठेवता सहीच्या पडताळणीवर ठेवावा.