जर्मनीतल्या त्या मुलीचा हेवा

मला हेवा वाटला. दुपारपासून मी त्याला दुसरंच काहीतरी समजायला बघतेय, ऊन लागलं असेल, पाहुण्यांची दगदग झाली असेल, पण नाही, हेवाच आहे तो.

जेवताना दादूने मोबाईल पुढे केला, म्हणाला काकू हे बघ, तुझ्या आजारावर औषध निघालं. माझा आजार म्हणजे ल्युपस, शरीराची फौज स्वतःच्याच शरीरावर उलटते तो. सगळे एवढे खूश झाले, आईंनी तर उठून देवापुढे साखर ठेवली. मी पण हो हो म्हटलं आणि ताटं उचलायच्या निमित्ताने आत गेले आणि मोरीवर उगाच बराच वेळ भांडी घासत राहिले.

बातमी खोटी नाहीये. मला ती आधीपासून माहीत आहे. जर्मनीत एरलांगेन म्हणून गाव आहे, तिथल्या हॉस्पिटलात २०२१ मध्ये ल्युपस असलेल्या २० वर्षांच्या एका मुलीला कार-टी नावाचा उपचार दिला. तिच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी काढल्या, लॅबमध्ये त्यांच्यात बदल केला आणि परत तिच्याच अंगात सोडल्या, आणि स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या अँटीबॉडी ज्या बी पेशींपासून बनतात त्या बी पेशी ह्या बदललेल्या टी पेशींनी साफ करून टाकल्या. काही महिन्यांनी बी पेशी परत आल्या त्या नव्या, कोऱ्या. मग २०२४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी १५ पेशंटचं छापलं, त्यातले ८ ल्युपसचे, आणि त्या आठही जणांचा आजार शांत झाला, औषधं बंद, स्टेरॉइड पण बंद. हे एवढंच वाक्य मी कितीतरी वेळा परत परत वाचलंय. स्टेरॉइड बंद. ज्याने स्वतःचं स्टेरॉइडने सुजलेलं तोंड आरशात बघितलंय त्यालाच कळेल मी काय म्हणतेय. लग्नाचा अल्बम मी अजून... जाऊ दे.

तर मग आनंद का नाही झाला? दादू आनंदाने सांगत होता, त्याचा काय दोष. मला त्या मुलीचा हेवा वाटला, तिच्या वयाचा वाटला, तिच्या गावाचा वाटला. मी तिच्या वयाची होते तेव्हा मला इथे वाताची मलमं देत होते, सांधे धरलेत म्हणून, आणि गालावर लाल चट्टे आले तर म्हणे उन्हात फिरू नको, काळी पडशील. एएनए टेस्ट, ल्युपसचा संशय आला की करतात ती रक्ताची तपासणी, हा शब्दसुद्धा खूप उशिरा कानावर आला, तोही घाट चढून कोल्हापूरला गेल्यावर.

आणि नेमका मे महिना. जगाचा ल्युपस दिवस १० मेला असतो, त्याच दिवसांत आमच्याकडे आंबा, फणस, चाकरमानी, आणि खळ्यात आमसुलं नि साठं वाळत घातलेली. सगळ्या बायका बाहेर आणि मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालून पडवीत, तिथून सूचना देतेय. ऊन म्हणजे आमच्यासाठी नुसतं काळं पडणं नाही, उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी मरतात, त्यांच्या आतला माल बाहेर येतो आणि आपलीच फौज त्यालाच शत्रू समजून तुटून पडते, मग सांधे, ताप, काहीही. आणि राहतो कुठे तर समुद्राला लागून.

आमच्या औषधांची गोष्ट पण अशीच. एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, आमची नेहमीची गोळी, ती १९५५ ची, आणि त्यानंतर अमेरिकेत खास ल्युपससाठी नवीन औषध मंजूर झालं ते थेट २०११ मध्ये, बेलिमुमॅब. छप्पन्न वर्षं कोणाला आमची घाई नव्हती. आणि २०२० मध्ये अचानक सगळ्या जगाला आमचीच गोळी हवी झाली, कोरोनावर चालते म्हणून, सरकारने निर्यात बंद केली, चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा नियम केला, तरी इथल्या मेडिकलात एक स्ट्रिप मिळेना. आंब्याचे टेम्पो तेवढे घाटातून जात होते, त्यातल्याच एकाने परत येताना कोल्हापूरहून माझी पाकिटं आणली. त्या टेम्पोवाल्याने पैसे घेतले नाहीत. शेवटी ती गोळी कोरोनावर चाललीच नाही. आणि कार-टी तर मागच्या काही वर्षांत मुंबईत बनायलाही लागलंय, आयआयटी आणि टाटा हॉस्पिटलवाल्यांनी मिळून केलं, २०२३ ला मंजुरी मिळाली, पण ती रक्ताच्या कॅन्सरसाठी, आणि खर्च लाखांत. मुंबई म्हणजे आम्हाला एका रात्रीची गाडी. एवढ्या जवळ आहे म्हणून जास्तच लागतं.

हे सगळं चाललेलं असताना संध्याकाळी मालवणच्या पोरीचा फोन. तिने पण वाचलेलं. "काकी, ह्यां आपल्याकडे कधी येतला?" आणि मी काही बोलायच्या आधीच, "मगे आता गोळ्ये कित्याक खाऊचे?"

माझ्या पोटात गोळाच आला. तिच्या किडनीत आहे ल्युपस. वय एकोणीस.

मग मी तिला सगळं सांगत बसले, आणि सांगता सांगता मला स्वतःलाच कळलं की मी त्या जर्मन मुलीबद्दल अर्धंच वाचत होते. तिच्याही किडनीत होता, हृदयाच्या भोवती, फुप्फुसांच्या भोवती सूज होती, स्टेरॉइड, एचसीक्यू, मायकोफिनोलेट, बेलिमुमॅब, सगळं करून झालं होतं आणि कशानेच थांबत नव्हतं. दुसरा रस्ता उरला नव्हता म्हणून ते केलं, त्याच्याआधी केमो द्यावी लागते ती पण दिली. विसाव्या वर्षी. मी दुपारभर हेवा कोणाचा करत होते? म्हणजे आताही वाटतोय, थोडा, खोटं कशाला बोलू. पण आता डोळ्यांपुढे ती मुलगी येते तेव्हा तिला मालवणच्या पोरीचंच तोंड असतं.

पोरीला म्हटलं, येईल तेव्हा येईल, तोपर्यंत किडनी सांभाळायची, एचसीक्यू सोडलीस तर फ्लेअरचा, म्हणजे आजार परत उसळायचा, धोका वाढतो, डोळे दाखवायचं पण विसरू नको. ती रडली थोडी. कॉलेजात हजेरी कमी पडलीय, अपंगत्वाचं सर्टिफिकेट मागतात, आणि २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, हिमोफिलिया आहे, थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे, ल्युपस नाही. हवाच. कोणाला तरी लिहायला हवं, आमदाराला, खासदाराला, कोणालाही, आणि हे मी मनापासून म्हणतेय, दादूला उद्या बसवून पत्र टाइप करून घेणार आहे, मोबाईल पुढे करायला येतो तर हेही येईल. प्रिन्सिपॉलना मात्र डॉक्टरांची चिठ्ठी जोडून वेगळं पत्र.

दादूशी नीट बोलायचं राहिलंच, बिचारा जेवणानंतर गप्प होता.

पोरीचे युरीनचे रिपोर्ट सोमवारी येतील. प्रोटीन किती जातंय, क्रिएटिनिन काय, आले की आधी मला फोटो पाठव म्हटलंय.