पिवळं कार्ड आणि कतारचे पैसे

एम. ए.च्या प्रबंधाचा विषय ठरला तेव्हा मला हा पंधरा दिवसांचा मामला वाटला होता. खेड तालुक्यातलं मामाचं गाव घ्यायचं, घरोघर जायचं, परदेशातून पैसे येतात का आणि घराचं उत्पन्न किती ते विचारायचं, मग उत्पन्नगटांप्रमाणे घरं मोजायची. झाला तक्ता. प्रत्यक्षात अख्खा मे आणि अर्धा जून गेला, आणि शेवटी तक्ते दोन निघाले.

डोक्यात खूळ भरलं ते रिझर्व्ह बँकेच्या आकड्यामुळे. 2023-24 मध्ये परदेशातून देशात आलेल्या अशा पैशांत महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के, म्हणजे पहिला नंबर, केरळ 19.7 टक्क्यांवर. पण ही माहिती बँकांकडून घेतलेली. पैसा कुठल्या राज्यात उतरला ते कळतं, कुणाच्या चुलीपर्यंत पोचला ते कळत नाही. केरळात तिरुवनंतपुरमची सीडीएस (सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज) ही संस्था 1998 पासून घरोघर जाऊन स्थलांतराची पाहणी करत आली आहे. सरांनी त्यांचं एक जाडजूड बाड माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "यातलं झेपेल तेवढं घे."

पहिल्याच दिवशी गाडी उत्पन्नावर अडली. ओटीवर बसवून कोकम सरबत देणारी माणसं त्या प्रश्नाला गप्प व्हायची. "कशाला लिहितेस बाय? कार्ड जायचं आमचं." पिवळ्या रेशनकार्डाची मर्यादा वर्षाला 15 हजार रुपये, केशरीची एक लाख. त्यामुळे कुवेतला मुलगा असलेल्या, वर स्लॅब टाकलेल्या घरातही मला वार्षिक उत्पन्न मिळालं ते 14 हजार. दाखल्यावरचा आकडा सगळ्यांना तोंडपाठ!

तेव्हा उत्पन्न हा शब्दच मी प्रश्नावलीतून खोडला. नारळ किती विकले, मजुरीचे दिवस किती, पेन्शन कुणाला, असं सुटं सुटं विचारू लागले. जोडीला खर्च. राष्ट्रीय नमुना पाहणीतही माणशी मासिक खर्चावरून गट पाडतात, ते का हे मला तेव्हा समजलं. कमाईबद्दल माणूस तोंड उघडत नाही, पण सिलिंडर किती दिवस पुरला, सुरमई काय भावाने घेतली, शाळेने फी कशी वाढवली, हे विचारा. वही पुरत नाही.

मग प्रश्न आला, घर म्हणजे काय? एका कौलाखाली तीन भाऊ, चुली दोन. थोरला शारजात. तो पैसे पाठवतो मधल्याच्या खात्यावर, मधला त्यातले आईच्या हातावर ठेवतो, आणि आई जेवते धाकट्याकडे. हे पैसे कुठल्या घरात लिहायचे? एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, हा नियम मी धरला आणि धाकट्याच्या नावापुढे टिक केली. मधल्याची बायको तोवर माझ्या पेनाकडेच बघत होती.

आणि वरच्या वाडीतली आजी. नवरा गेलेला, मुलगा कतारला एसी मेकॅनिक. "येतात वाईच, नाय असं नाय," इतकंच म्हणाली. मग स्वतःच उठून माजघरातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक. महिन्याच्या 5-6 तारखेला 18 हजार, पानामागून पान. 2020 च्या एप्रिलपासून चार महिने मात्र काही नाही. मी तिथे बोट ठेवलं. "तवा तो खोलीतच बसून होता. मीच सांगितलं, आधी तू खा."

आजीचं स्वतःचं म्हणाल तर थोडं भात आणि पाच-सहा माड. कतारचे पैसे वगळले की ती सगळ्यात खालच्या गटात. धरले की थेट वरच्या, कारण मुलगा तिच्या चुलीवर जेवत नाही आणि 18 हजारांना भागायचं एकाच माणसाने. त्यातले निम्मे विझ्यासाठी काढलेल्या कर्जाला जातात, ते वेगळंच. सरकारी नियमाने एजंटला सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. इतक्यात भागलं असं सांगणारा मला एकही भेटला नाही. बहुतेकांनी दागिने गहाण ठेवले होते. ज्यांच्याकडे गहाण ठेवायलाच काही नव्हतं, त्यांची मुलं मुंबईला गेली. त्या घरांत पैसे येतात ते नालासोपाऱ्याहून, आणि माझ्या प्रश्नावलीत त्याला रकानाच नव्हता.

सरांना फोन केला. "पैसे धरून गट पाडलेस तर पैसे येणारी घरं वर सरकणार, वगळून पाडलेस तर खाली. तुला विचारायचंय काय, ते आधी ठरव," म्हणाले. मी रात्रभर जागून दोन्ही तक्ते केले. पैसे वगळलेल्या तक्त्यात परदेशी पैसा गरिबांचा दिसतो, धरलेल्यात श्रीमंतांचा. गाव तेच, माणसं तीच.

तोंडी परीक्षेला मुंबईहून आलेल्या बाईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. "यातला खरा कोणता?" मी आजीचं सांगितलं, पासबुकासकट.

"कार्ड कुठलं आहे तिचं?"

"पिवळं."

"ते कुठे लिहिलं नाहीस ना?" एवढं विचारून त्यांनी पान उलटलं.